तोंड आलेल्या लेकरांसाठी लाल उजेड

कर्करोगावर किरणोपचार घेऊन आलेल्या माणसाविषयी बोलताना आपल्याकडे 'त्याला लाइट दिली' असे म्हणतात. कोणी 'शेक दिला' म्हणतो, कोणी 'करंट दिला' म्हणतो. शब्द काहीही असो, बोलणाऱ्याच्या मनात भीती असते. ती भीती सगळीच खोटी नाही. किरणे रोगाच्या पेशी मारतात, पण वाटेत सापडलेल्या चांगल्या पेशींनाही दुखापत करतात. ही दुखापत लहान मुलाच्या तोंडात झाली तर त्या मुलाचे आणि त्याच्या आईचे काय हाल होतात, ते ज्यांनी पाहिले त्यांनाच माहीत.

या वेळी आम्ही एका दुसऱ्या 'लाइट'विषयी लिहिणार आहोत. ही लाइट पेशी मारत नाही, शेकत नाही, भाजत नाही. सौम्य लाल रंगाचा हा प्रकाश किरणोपचाराने आलेले तोंड बरे होण्यास मदत करतो. डॉक्टर याला 'लो लेव्हल लेझर' म्हणतात. अलीकडे 'फोटोबायोमॉड्युलेशन' असे लांबलचक नाव पडले आहे. आपण त्याला साधा प्रकाशोपचार म्हणू. अहिल्यानगर जिल्ह्यातून, म्हणजे २०२४ पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यातून, लेकराला घेऊन मुंबईला जाणाऱ्या आईबापांना या उपचाराचे नाव तरी ठाऊक असावे, एवढ्यासाठी हा लेख आहे. नाव ठाऊक असले म्हणजे विचारता येते.

तोंड का येते?

मुलांना होणारे कर्करोग मोठ्यांच्या कर्करोगांपेक्षा वेगळे असतात. मुलांमध्ये रक्ताचा कर्करोग सर्वांत जास्त आढळतो. त्याशिवाय मेंदूतील गाठी, लसिका ग्रंथींचे कर्करोग, स्नायूंच्या गाठी आणि थोड्या मोठ्या मुलांत नाकामागच्या घशाचा कर्करोग, असे प्रकार आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे दरवर्षी जगात सुमारे ४ लाख मुलांना व किशोरांना कर्करोग होतो. श्रीमंत देशांत यांतील ८० टक्क्यांहून अधिक मुले बरी होतात. गरीब देशांपैकी अनेकांत हे प्रमाण ३० टक्क्यांच्याही खाली आहे. रोग तोच आणि औषधेही बहुतेक तीच. फरक पडतो तो रोग वेळेवर ओळखण्यात, उपचार परवडण्यात आणि ते शेवटपर्यंत पूर्ण करण्यात. पूर्ण करण्याचा हा मुद्दा आपण लक्षात ठेवू, कारण आजचा विषय त्याच्याशीच बांधलेला आहे.

डोके, मान किंवा घसा या भागावर किरणे द्यायची असतील तर ती एकदम देत नाहीत. आठवड्यातून पाच दिवस, रोज थोडी थोडी, अशी पाच ते सात आठवडे देतात. आपल्या तोंडाचे आतले अस्तर फार नाजूक असते. तिथल्या पेशी सतत झडतात आणि साधारण एक ते दोन आठवड्यांत त्यांच्या जागी नव्या येतात. किरणांमुळे नव्या पेशी तयार होण्याचे काम मंदावते. जुने अस्तर झिजते आणि नवे येत नाही. म्हणून पहिल्या आठवड्यात मूल बरे खाते-पिते, आईला वाटते आपले लेकरू सुटले, आणि दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तोंड लाल होऊन चट्टे पडू लागतात. किरणे संपल्यावरही बरे होण्यास दोन ते चार आठवडे लागतात. काही कडक औषधांनी, म्हणजे किमोथेरपीनेही असेच तोंड येते. दोन्ही उपचार एकत्र चालू असले तर त्रास वाढतो.

या त्रासाच्या पायऱ्या डॉक्टरांनी ठरवल्या आहेत. पहिल्या पायरीत तोंड लाल होते व हुळहुळते. दुसरीत फोड व चट्टे पडतात, पण मऊ घास जातो. तिसरीत फक्त पातळ पदार्थ गिळता येतात. चौथ्या पायरीत तोंडावाटे काहीच घेता येत नाही. मग नाकातून नळी घालून अन्न द्यावे लागते, नाहीतर शिरेतून पोषण द्यावे लागते.

मोठा माणूस दुखते म्हणून सांगतो. चार वर्षांचे मूल सांगत नाही. ते तोंड मिटून घेते, थुंकी गिळत नाही, लाळ गळते, रात्रभर कुरकुरते, आईच्या हातातला चमचा ढकलून देते. आईला वाटते लेकरू हट्टी झाले. घरची वडीलधारी मंडळी म्हणतात, अंगातली उष्णता वाढली. कोणी म्हणते, देवीचा कोप झाला, अंगारा लावा. भगिनींनो, यात कोप नाही आणि आईचा दोषही नाही. किरणांनी झालेली ती जखम आहे. जखमेवर उपचार असतो.

ही जखम नुसती दुखण्यापुरती राहत नाही. तोंडातले जंतू तिच्यातून रक्तात शिरू शकतात. उपचारामुळे पांढऱ्या पेशी कमी झालेल्या मुलाच्या जिवाला त्यापासून धोका असतो. मूल खात नाही म्हणून वजन घटते, आणि वजन घटले की डॉक्टरांना किरणे काही दिवस थांबवावी लागतात. किरणोपचारात मध्येच खंड पडला तर उरलेल्या रोगपेशींना डोके वर काढायला सवड मिळते. आणि कधी कधी डॉक्टर थांबवत नाहीत, आईबापच थांबवतात. लेकराचे हाल पाहवत नाहीत, गावाकडे दुसरी दोन लेकरे आजीजवळ ठेवलेली, ऊसतोडीचा हंगाम तोंडावर आलेला, मुकादमाची उचल घेतलेली. एका सकाळी पिशव्या भरून ते गाडीत बसतात. पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडच्या कष्टकरी कुटुंबांना यातले काहीच नवे नाही. तोंड येणे हे दिसायला किरकोळ दुखणे आहे, पण बरे होऊ शकणारे मूल उपचाराबाहेर जाण्याचे ते एक कारण ठरते. म्हणून त्याला किरकोळ म्हणू नये.

प्रकाशाचे काम कसे चालते?

प्रकाशाने रोग बरा करण्याची कल्पना नवी नाही. डेन्मार्कचे डॉक्टर नील्स फिन्सेन यांनी त्वचेच्या क्षयरोगावर प्रकाशाचा उपचार केला. त्याबद्दल १९०३ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या माताभगिनींना परिचयाचे उदाहरण म्हणजे तान्ह्या बाळाची कावीळ. कावीळ झालेल्या बाळाला डोळ्यांवर पट्टी बांधून निळ्या दिव्याखाली ठेवतात, हे आता तालुक्याच्या गावातही दिसते. या उपचाराचे मूळ एका परिचारिकेच्या निरीक्षणात आहे. १९५० नंतरच्या दशकात इंग्लंडमधील रॉचफर्ड येथील रुग्णालयात सिस्टर वॉर्ड नावाची परिचारिका बाळांना अंगणात कोवळ्या उन्हात नेत असे. अंगाच्या ज्या भागावर ऊन पडले तिथला पिवळेपणा कमी झाला आणि झाकलेला भाग पिवळाच राहिला, हे तिने डॉक्टरांना दाखवले. पुढे १९५८ मध्ये त्यावर शास्त्रीय लेख प्रसिद्ध झाला.

लाल प्रकाशाची गोष्ट हंगेरी देशात सुरू झाली. बुडापेस्टचे डॉक्टर एंड्रे मेस्टर हे १९६७ च्या सुमारास लेझर किरणांचा उंदरांवर प्रयोग करत होते. या किरणांनी काही अपाय होतो का, हे त्यांना पाहायचे होते. त्यासाठी त्यांनी उंदरांच्या पाठीचे केस कापले. त्यांच्या लेझरची शक्ती फार कमी होती. अपाय तर झाला नाहीच, उलट ज्या उंदरांवर लाल प्रकाश सोडला त्यांचे केस इतरांपेक्षा लवकर उगवले. पुढे त्यांनी न भरणाऱ्या जखमांवर हा प्रकाश वापरून पाहिला.

त्यानंतर अनेक देशांत संशोधन झाले. त्यातून आलेला मुख्य समज असा : प्रत्येक पेशीच्या आत ऊर्जा तयार करणारी लहान लहान केंद्रे असतात. आपल्या घरातली चूल समजा. तांबड्या रंगाचा आणि त्यापलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश या केंद्रांतील एक द्रव्य शोषून घेते. त्यामुळे दुखावलेल्या पेशीला ऊर्जा तयार करण्यास हातभार लागतो, सूज कमी होते, वेदना घटते आणि अस्तर भरून येण्यास मदत होते. प्रकाश इतका सौम्य असतो की ऊबही जाणवत नाही.

यात मात्रेला फार महत्त्व आहे. कांद्याच्या वाफ्याला पाणी कमी पडले तर पीक सुकते आणि जास्त झाले तर सडते, हे शेतात राबणाऱ्याला सांगायला नको. या प्रकाशाचेही तसेच आहे. कमी दिला तर गुण येत नाही आणि फार दिला तरी गुण येत नाही. म्हणून कोणत्या रंगाचा प्रकाश, किती शक्तीचा, तोंडातल्या किती ठिकाणी आणि किती सेकंद द्यायचा, हे ठरवून द्यावे लागते.

पुरावा काय आहे?

कोणताही नवा उपचार आला की आम्ही पहिला प्रश्न विचारतो : कोणावर तपासला आणि काय आढळले? या बाबतीत सांगण्यासारखे पुष्कळ आहे.

अमेरिकेच्या नासा या अंतराळ संस्थेने यानात रोपे वाढवण्यासाठी लाल रंगाचे बारीक दिवे तयार करवून घेतले होते. मोबाइलमध्ये किंवा दुकानाच्या पाटीवर असतात त्याच जातीचे, पण ठरावीक रंगाचे. विस्कॉन्सिन राज्यातील डॉक्टर हॅरी व्हेलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे दिवे कर्करोगाच्या मुलांसाठी वापरले. अस्थिमज्जा बदलण्याचा उपचार घेणाऱ्या मुलांचे तोंड फार येते. अशा मुलांवर या दिव्यांच्या वापराचा त्यांचा लेख २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. रोपांसाठी केलेला दिवा लेकरांच्या कामी आला.

आपल्या देशातले मोठे काम शेजारच्या कर्नाटकात, मणिपाल येथे झाले. तिथल्या फिजिओथेरपी विभागाने आणि कर्करोग विभागाने मिळून तोंडाच्या व घशाच्या कर्करोगाच्या रुग्णांवर लाल लेझरचा वापर केला. २००६ साली ५० रुग्णांचा आणि २०१२ साली २२१ रुग्णांचा अभ्यास त्यांनी प्रसिद्ध केला. २०१२ च्या अभ्यासात निम्म्या रुग्णांना खरा प्रकाश दिला आणि निम्म्यांना नुसते यंत्र लावल्याचा देखावा केला. कोणाला काय मिळाले हे रुग्णालाही माहीत नव्हते आणि तपासणाऱ्यालाही नव्हते. खरा प्रकाश मिळालेल्यांत तीव्र स्वरूपाचे तोंड येणे आणि वेदना कमी आढळल्या. हे रुग्ण प्रौढ होते, हे इथे स्पष्ट सांगितले पाहिजे. पण आपल्याच देशातल्या रुग्णालयात, आपल्यासारख्याच रुग्णांवर हे काम होऊ शकते, एवढे त्यातून सिद्ध झाले. उपचार देणारे हात फिजिओथेरपिस्टचे होते, हेही ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

पुढे ब्रिटनच्या 'नाइस' या सरकारी संस्थेने २०१८ मध्ये हा उपचार सुरक्षित व उपयोगी असल्याचे मार्गदर्शन दिले. कर्करोगाच्या उपचारातील त्रास कमी करण्यासाठी काम करणाऱ्या जागतिक तज्ज्ञमंडळाने २०२० च्या सूचनांत डोके व मानेच्या किरणोपचाराच्या प्रौढ रुग्णांसाठी त्याची शिफारस केली. मुलांसाठीच्या वेगळ्या सूचना २०१५ साली निघाल्या आणि २०२१ मध्ये सुधारल्या गेल्या. अस्थिमज्जा बदलताना आणि डोके-मानेवर किरणे घेताना तोंडाच्या आतून लाल प्रकाशाचा उपचार द्यावा, असे त्यांत सांगितले आहे.

तरीही हा जादूचा दिवा नव्हे. याने कर्करोग बरा होत नाही. प्रत्येक मुलाचे तोंड येणे संपूर्ण टळते असेही नाही. त्रास उशिरा यावा, कमी यावा, लवकर भरून निघावा, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा आहे. पण चौथ्या पायरीऐवजी दुसऱ्या पायरीवर राहिलेले मूल मऊ भात गिळू शकते. ते झोपते, आईही झोपते, आणि दुसऱ्या दिवशी दोघे किरणोपचाराला हजर राहतात. या छोट्या फरकाची किंमत मोठी आहे.

मुलाला प्रत्यक्षात काय करावे लागते?

मूल खुर्चीवर किंवा आईच्या मांडीवर बसते. त्याच्या, आईच्या आणि उपचार देणाऱ्याच्या डोळ्यांवर खास चष्मे घालतात, कारण लेझर सरळ डोळ्यात जाऊ देता कामा नये. पेनासारखी एक दांडी गालाच्या आत, ओठांच्या मागे, जिभेच्या कडांना, टाळ्याला एकेका ठिकाणी थोडे सेकंद धरतात. सुई नाही, कडू औषध नाही. सगळे तोंड पूर्ण व्हायला दहा मिनिटांपासून अर्ध्या तासापर्यंत वेळ लागू शकतो. उपचार रोज किंवा ठरावीक दिवशी करतात आणि तोंड येण्याची वाट न पाहता किरणांच्या पहिल्या दिवसांपासूनच सुरू करणे चांगले.

अगदी लहान मुलाला तोंड उघडून बसवणे हीच खरी अडचण असते. आधी बाहुलीच्या किंवा आईच्या तोंडाशी दांडी धरून दाखवली, मोजणीचा खेळ केला, तर पुष्कळ मुले तयार होतात. जिथे रोगाची गाठ तोंडातच आहे, तिथे गाठीच्या जागेवर प्रकाश टाकणे डॉक्टर टाळतात. म्हणून हा उपचार कर्करोगाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोठेही घेऊ नये.

आणखी एक इशारा. जत्रेत मिळणारा लेझरचा टॉर्च, घरी शेकायचा लाल बल्ब, मोबाइलवर जाहिरात पाहून मागवलेला 'रेड लाइट'चा पट्टा, यांपैकी काहीही लेकराच्या तोंडावर धरू नका. टॉर्चने डोळा जाऊ शकतो. बल्बच्या उष्णतेने आधीच सोललेले अस्तर भाजेल. रंग लाल आहे म्हणून उपचार तोच आहे, असे समजणे धोक्याचे आहे. दुःखात सापडलेल्या माणसाला वस्तू विकणारे नेहमीच भेटतात.

प्रकाशयंत्र नसेल तर?

प्रत्येक रुग्णालयात हे यंत्र असेलच असे नाही. पण त्यावाचून करता येण्यासारखे खूप आहे आणि यंत्र असले तरीही ते करावेच लागते.

किरणे सुरू होण्यापूर्वी दातांची तपासणी करून घ्यावी. किडलेला दात आधी भरून किंवा काढून घ्यावा, नंतर ते अवघड होते. आपल्या जिल्ह्यात लोणीला ग्रामीण दंत महाविद्यालय आहे, तिथे अशी तपासणी होऊ शकते. मुंबईला निघण्याची घाई असेल तर तिथल्या डॉक्टरांना दात दाखवावेत.

दात मऊ ब्रशने घासावेत. मशेरी, राख, कोळसा, तुरटी यांना हात लावू देऊ नये. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एक चहाचा चमचा मीठ आणि एक चहाचा चमचा खाण्याचा सोडा घालून ठेवावा व दिवसातून अनेकदा चूळ भरायला लावावी. पाणी रोज नवे करावे. चूळ भरता न येणाऱ्या बाळाचे तोंड त्याच पाण्यात बुडवलेल्या स्वच्छ मऊ कापडाने हलके पुसावे. मधाचा थोडा उपयोग होतो असे अभ्यासात दिसले आहे, पण एक वर्षाखालील बाळाला मध कधीही देऊ नये आणि मोठ्या मुलालाही डॉक्टरांना विचारूनच द्यावा.

खाण्यात मऊ भात-वरण, मुगाचे वरणपाणी, रव्याची किंवा नाचणीची खीर, कुस्करलेले केळे, दुधात भिजवून मऊ केलेली भाकरी, पूर्ण शिजवून मऊ केलेले अंडे असे पदार्थ कोमट किंवा गार करून थोडे थोडे, पुन्हा पुन्हा द्यावेत. ठेचा, चटणी, लिंबू, चिंच, फरसाण, गरम चहा पूर्ण बंद. दुखण्यावरचे औषध जेवणाआधी अर्धा तास द्यायचे का, हे डॉक्टरांना विचारून घ्यावे. पुष्कळदा औषध मिळालेले असते, पण ते जेवणानंतर दिले जाते आणि मूल उपाशीच राहते.

नाकातून नळी घालायची म्हटले की आपल्याकडे रडारड सुरू होते. नळी म्हणजे शेवट, असा समज आहे. तो चुकीचा आहे. ती तात्पुरती वाट आहे. मुलाचे वजन टिकावे आणि किरणे थांबू नयेत यासाठी ती घालतात, तोंड बरे झाले की काढतात.

आणि एक गोष्ट भिंतीवर लिहून ठेवावी. उपचार चालू असलेल्या मुलाला १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप आला, तर सकाळची वाट पाहू नये. तत्काळ रुग्णालय गाठावे.

विचारण्याचा हक्क

मुंबईतील परळचे टाटा रुग्णालय १९४१ पासून देशभरच्या रुग्णांसाठी काम करते आहे. खारघरला त्याचे दुसरे मोठे केंद्र आहे. दक्षिणेकडील जामखेड-कर्जतच्या लोकांना सोलापूर जिल्ह्यातील बार्शीचे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयही माहीत आहे. १९८७ पासून बार्शीला ग्रामीण भागातील कर्करोगाची नोंदणी चालते. देशातील ती पहिली ग्रामीण नोंदणी.

मूल कोठेही दाखवले तरी किरणे सुरू होण्याआधी आईबापांनी डॉक्टरांना चार प्रश्न जरूर विचारावेत. किरणांच्या वाटेत माझ्या लेकराचे तोंड किंवा घसा येतो का? तोंड येऊ नये म्हणून पहिल्या दिवसापासून काय करणार? इथे लाल प्रकाशाचा किंवा लेझरचा उपचार मिळतो का, आणि माझ्या लेकराला तो चालेल का? त्रास वाढला तर रात्री कोणाला भेटायचे? हे विचारताना संकोच करू नये. आपण अडाणी, आपण काय विचारणार, असे मनात आणू नये. प्रश्न कागदावर लिहून न्यावेत. लिहिता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या पोराकडून लिहून घ्यावेत.

पैशाच्या बाजूचेही सांगतो. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना २०१२ साली वेगळ्या नावाने काही जिल्ह्यांत सुरू झाली. आता ती राज्यभर आहे आणि कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचाराची तरतूद तिच्यात आहे. योजनेतील रुग्णालयात 'आरोग्यमित्र' बसलेला असतो. शिधापत्रिका आणि आधार घेऊन पहिल्याच दिवशी त्याला भेटावे. कोणता उपचार बसतो आणि कोणता बसत नाही, ते त्याच्याकडून स्पष्ट करून घ्यावे. कर्करोगाच्या रुग्णाला उपचारासाठी जाताना रेल्वेच्या शयनयान वर्गात पूर्ण सवलत मिळते आणि सोबतच्या माणसालाही मोठी सवलत आहे. त्यासाठी रुग्णालयाचा दाखला लागतो. टाटाच्या रुग्णांना राहण्यासाठी दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आहे. उपचारासाठी आलेल्या मुलांना आईबापांसह ठेवून घेणारी सेंट ज्यूड संस्थेची केंद्रे २००६ पासून मुंबईत आहेत. टाटातील समाजसेवा विभागात चौकशी केली की वाट सापडते. राहण्या-खाण्याची आणि औषधांची सोय झाली की उपचार अर्धवट सोडणाऱ्यांची संख्या पुष्कळ घटते, हा टाटाच्या बालविभागाचाच अनुभव आहे.

आता थोडे आपल्या जिल्ह्याविषयी. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने जामखेडला ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावोगावच्या शिक्षण न मिळालेल्या बाया, त्यांत दलित बायाही अनेक, त्यांनी आरोग्याचे काम करण्यासाठी तयार केल्या. या कामाबद्दल १९७९ मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्यांपैकी एक आरोग्यसेविका, मुक्ताबाई पोळ, १९८८ साली अमेरिकेत वॉशिंग्टनच्या आरोग्य परिषदेत बोलल्या. सभागृहातल्या झुंबरांकडे बोट दाखवून त्यांनी सांगितले, की मोठी रुग्णालये अशी झुंबरांसारखी असतात, सुंदर पण खर्चिक. मग त्यांनी साध्या वातीचे दोन दिवे काढले आणि एकाने दुसरा पेटवून दाखवला. गावची आरोग्यसेविका हा तो दिवा, तो दुसरा दिवा लावू शकतो, असे त्यांचे म्हणणे होते.

आमच्या मते दोन्ही दिवे लागतात. किरणोपचाराचे यंत्र गावात येणार नाही, त्यासाठी मोठ्या रुग्णालयातच जावे लागेल. लेझरची दांडी मात्र त्या मानाने लहान वस्तू आहे आणि जिथे मूल रोज किरणे घेते तिथेच ती हवी. आपल्या जिल्ह्यात लोणीला दंत महाविद्यालयाबरोबर फिजिओथेरपी महाविद्यालयही आहे. मणिपालला फिजिओथेरपिस्टांनी जे केले, ते शिकणारी मुलेमुली इथूनही तयार होऊ शकतात. ज्यांच्या घरात अशी मुले शिकत असतील त्यांनी हा विषय त्यांच्या कानावर घालावा.

आणि जे कोणीच डॉक्टर नाहीत, त्यांचेही काम आहे. आशाताई, अंगणवाडीताई, महिला मंडळाच्या भगिनी यांना आमची विनंती आहे. तुमच्या वस्तीतून कोणी लेकरू उपचाराला मुंबईला गेले असेल तर ते का गेले याची कुजबूज करू नका. कर्करोग स्पर्शाने पसरत नाही. त्या घरी जा. मागे राहिलेल्या भावंडांना जेवायला घाला, आजीला आधार द्या. मूल मधल्या सुटीत गावी आले तर त्याचे तोंड कसे आहे, गिळते का, पुढची तारीख कधी आहे, ते विचारा. तारीख जवळ आली आणि घरात निघण्याची तयारी दिसत नसेल तर अडचण काय आहे ते समजून घ्या. भाडे नसेल तर वर्गणी काढा. मूल खात नाही म्हणून आईचे धैर्य सुटले असेल तर तिला सांगा, की तोंड येते तसे ते बरेही होते आणि त्यावर उपचार आहेत.

लेकरू किरणांच्या शेवटच्या दिवसापर्यंत पोहोचले पाहिजे. त्यासाठी लाल उजेडाचा उपयोग होत असेल तर तो मागून घ्यावा. मिठा-सोड्याच्या चुळेचा होत असेल तर ती चुकवू नये. आणि शेजारणीच्या शब्दाचा होत असेल तर तो शब्द आजच जाऊन द्यावा.